गेफापिक्संट: जुनाट खोकल्यावरची गोळी आणि जिभेवरची चव

आठ आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला आणि दमा, आम्लपित्त किंवा सायनस यांवरचे उपचार करूनही न थांबणारा खोकला ज्यांना आहे, त्यांच्यासाठी मर्क कंपनीने आणलेली गेफापिक्संट ही गोळी जपानमध्ये २०२२ साली ‘लिफ्नुआ’ या नावाने मंजूर झाली आणि २०२३ मध्ये युरोपीय संघानेही तिला मान्यता दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र तिला दोनदा नकार दिला. ही गोळी कोणासाठी योग्य आहे हे ठरवायचे, तर ती शरीरात नेमके काय अडवते हे आधी पाहावे लागते.

एटीपी हा रेणू पेशीला ऊर्जा पुरवतो हे शाळेतच शिकवले जाते. परंतु पेशीबाहेर पडल्यावर तोच रेणू शेजारच्या पेशींना संदेशही देतो, ही कल्पना जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडली, तेव्हा ती स्वीकारायला अनेक शास्त्रज्ञ बराच काळ तयार नव्हते. पेशीच्या आत एटीपीचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी अधिक असते आणि बाहेर आलेल्या एटीपीचे विकरे (एन्झाइम) झपाट्याने विघटन करतात. म्हणूनच पेशी ताणली गेली किंवा तिला इजा झाली की बाहेर एकदम वाढणारे एटीपी ही ऊतीसाठी निःसंदिग्ध सूचना ठरते. श्वसनमार्गाच्या अस्तरातून सुटलेले एटीपी मेंदूकडे संदेश नेणाऱ्या व्हेगस चेतातंतूंवरील पी२एक्स३ रिसेप्टरला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, जोडले जाते. हा रिसेप्टर तीन घटकांची आयनवाहिनी, म्हणजे विद्युतभारित कणांना आत सोडणारे दार, असल्याने ती तत्काळ उघडते, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात आणि खोकल्याची उबळ येते. गेफापिक्संट एटीपीच्या जागेवर न बसता रिसेप्टरच्या दुसऱ्याच खाचेत बसते आणि ही वाहिनी उघडू देत नाही. रचना म्हणून मला हे औषध विलक्षण देखणे वाटते.

परिणाम मात्र त्या मानाने माफक आहे. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ४५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेणाऱ्यांचा चोवीस तासांतील खोकला प्लासिबो (औषध नसलेली बनावट गोळी) घेणाऱ्यांच्या तुलनेत एका चाचणीत १८.५ टक्के आणि दुसरीत १४.६ टक्के कमी झाला; १५ मिलिग्रॅमच्या मात्रेने लक्षणीय फरक पडला नाही. प्लासिबो घेणाऱ्यांचाही खोकला निम्म्याहून अधिक घटला होता, ही बाब हे आकडे वाचताना विसरता कामा नये. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने १२ विरुद्ध १ मतांनी फायदा अपुरा ठरवला. मला तो निर्णय कठोर वाटतो, पण निराधार वाटत नाही.

खरी अडचण जिभेवर आहे. स्वादकलिकांतील पेशी चवीचा संदेश चेतातंतूंना एटीपीमार्फतच देतात आणि तेथे पी२एक्स२ व पी२एक्स३ यांचे घटक मिळून बनलेला संयुक्त रिसेप्टर काम करतो. गेफापिक्संट श्वसनमार्गातला पी२एक्स३ आणि जिभेवरचा हा संयुक्त रिसेप्टर यांत पुरेसा भेद करत नाही. परिणामी ४५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी एका चाचणीत ५८ टक्के, तर दुसरीत सुमारे ६९ टक्के जणांना चव बिघडल्याचे किंवा गेल्याचे जाणवले. औषध बंद केल्यावर बहुतेकांची चव परत आली. तरीही रोजच्या जेवणातली आमटी बेचव किंवा कडवट लागणे याला किरकोळ दुष्परिणाम म्हणणे मला पटत नाही, विशेषतः ज्यांचे वजन आधीच कमी आहे अशा वृद्धांच्या बाबतीत.

खोकल्यामुळे ज्यांना झोप लागत नाही, लघवीवर ताबा राहत नाही किंवा चारचौघांत बसणे अशक्य होते, त्यांच्यासाठी, जेथे ही गोळी मान्य आहे तेथे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती काही आठवडे घेऊन पाहणे मी योग्य समजेन. फरक जाणवला नाही, तर ती रेटत राहू नये. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडांचे कार्य फारच मंदावलेल्या रुग्णांना ते दिवसातून एकदाच देतात. सौम्य खोकल्यासाठी मात्र मी ते सुचवणार नाही. पी२एक्स३वरच अधिक नेमकेपणाने काम करणाऱ्या कॅमलिपिक्संटच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत चवीच्या तक्रारी १० टक्क्यांहून कमी जणांत आढळल्या, त्यामुळे ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांनी त्या औषधाकडे लक्ष ठेवावे.