टीव्ही, साउंडबार आणि चोरीच्या गोष्टी : दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घरी 43 इंची फोर-के टीव्ही आला. जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपता संपता साउंडबार जोडला. आता पावसाळा लागलाय. एवढ्या महिन्यांत या टीव्हीवर सगळ्यात जास्त काय चाललं असेल तर चोरीचे सिनेमे आणि मालिका: बँक, टांकसाळ, सराफी पेढी, संग्रहालय. त्यामुळे टीव्ही कसा आहे आणि त्यावर काय पाहिलं, हे मला वेगवेगळं सांगता येणार नाही. चोरीपटात अंधार असतो, कुजबुज असते आणि मध्येच गोळीबार. टीव्हीचं चित्र आणि आवाज दोन्ही तिथे कळतात.

आधी सेटिंगचं सांगते, कारण ते न करता मत देणं चुकीचं ठरेल. दुकानातून टीव्ही येतो तेव्हा चित्र भडक आणि हालचाल गुळगुळीत करून आलेलं असतं. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो आणि चांगला सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. कंपनीगणिक या सोयीचं नाव बदलतं, पण त्यात बहुतेक ‘मोशन’ हा शब्द असतो. ती बंद करा. चित्राचा प्रकार ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. सुरुवातीला पडदा पिवळट वाटतो, मग डोळ्याला सवय होते. काळा रंग मात्र या किमतीच्या टीव्हीत पूर्ण काळा दिसत नाही. दुपारी खिडकीतून ऊन येत असताना तिजोरीच्या खोलीत कोण उभं आहे हे ओळखू येत नाही. जाड पडदा लावला, तेव्हा कुठे जमलं.

नेटचा वेग तसा लागतो कमी. नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी 15 एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी 5 पुरे म्हणतं. जुळे सोलापुरात आमच्याकडे फायबर नीट चालतं. अडतं ते विजेपाशी, म्हणून स्टॅबिलायझर लावलाच पाहिजे.

साउंडबार घ्यावा का? मायकेल मानचा ‘हीट’ (1995) पाहा आणि ठरवा. बँक लुटून बाहेर आल्यावर लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर जो गोळीबार होतो, त्याचा आवाज नंतर स्टुडिओत चिकटवलेला नाही, तिथेच चित्रीकरणात ध्वनिमुद्रित केलेला आहे. गोळी उंच इमारतींवर आपटून परत येते ते ऐकू येतं. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर तेच दृश्य सपाट वाटलं. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून ‘नाइट मोड’ लावला की ती सगळी मजा जाते, हेही खरं. पण संवाद स्पष्ट होतात, आणि वडीलधाऱ्यांसोबत पाहणाऱ्यांना तेवढ्यासाठी तरी साउंडबारचा उपयोग आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर होते. टॉवेलचा माग अडला की आवाजावरून दोष ओळखून पाना हातात घेणारे. इंग्रजी सबटायटल त्यांना वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून परदेशी काही लावलं की ते उठून जायचे. मग ‘रिफिफी’ लावला. 1955 चा फ्रेंच सिनेमा, कृष्णधवल, दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन. हा अमेरिकी माणूस. कम्युनिस्ट ठरवून हॉलिवूडने त्याला काम देणं बंद केलं, तेव्हा युरोपात येऊन त्याने हा केला आणि कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळवलं. यातली चोरी जवळजवळ अर्धा तास चालते आणि त्या अर्ध्या तासात एक शब्द नाही, संगीतही नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिकने या भागासाठी संगीत रचलं होतं. डॅसिनने त्याला दृश्य संगीतासह आणि संगीताशिवाय दाखवलं, आणि ते काढायला ऑरिकच तयार झाला.

बाबा उठले नाहीत. जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या मजल्यावरून जमीन फोडायची, पण खालच्या खोलीतला गजर जराशा हादऱ्यानेही वाजतो. म्हणून आधी छोटं भोक पाडतात, त्यातून बंद छत्री खाली सोडतात आणि उघडतात. वरून पडणारा चुना छत्रीत साठतो. खाली उतरल्यावर अग्निशामकाचा फेस गजरात भरून त्याचा आवाज कोंडतात. हे सगळं त्यांनी आधी तसाच गजर आणून त्यावर करून पाहिलेलं असतं. बाबा सोफ्याच्या कडेवर येऊन बसले होते. “छिन्नीला कापड गुंडाळलंय बघ,” ते म्हणाले. मला ते दिसलंच नव्हतं. चैत्राचा उकाडा होता, कूलर घरघरत होता. त्यांनीच उठून तो बंद केला, कारण पडद्यावरची छिन्नी ऐकू येईना.

त्या रात्रीपासून मी चोरीचे सिनेमे एकाच गोष्टीवर तोलते: यात काम दिसतं का? पैसे किती, शेवटी कोणी कोणाला फसवलं, हे एकदा कळलं की संपतं. हातांचं काम दुसऱ्यांदाही पाहावंसं वाटतं. मानचाच पहिला सिनेमा ‘थीफ’ (1981) या कसोटीवर खणखणीत उतरतो. त्यात खऱ्या चोरांचा सल्ला घेतला होता, हत्यारंही खरी वापरली होती. तिजोरी वितळते तेव्हा ठिणग्या उडतात आणि काम झाल्यावर चोर झालेला नट जेम्स कान खुर्ची ओढून नुसता बसतो. कारखान्यातली पाळी संपल्यावर माणूस जसा बसतो तसा. बाबांनी हा दोनदा पाहिला.

‘मनी हाइस्ट’बद्दल माझं मत याच कारणाने दोन तुकड्यांत आहे. पहिली दोन पर्वं उत्तम. 2017 मध्ये स्पेनच्या आंतेना 3 वाहिनीवर 15 भागांत ही गोष्ट आली आणि नेटफ्लिक्सने तेच भाग छोटे कापून त्यांचे 22 केले. तिची मूळ कल्पना फार सुंदर आहे: तिथे असलेले पैसे पळवायचे नाहीत, टांकसाळीत राहून नव्या नोटा छापायच्या. जितका वेळ आत काढाल तितकी रक्कम वाढते. म्हणजे पोलिसांनी बाहेर घातलेला प्रत्येक घोळ आत छपाईचे तास वाढवतो. यंत्रं चालू असतात, कागद संपतो, माणसं थकतात. हे बघायला मजा येते. पुढे बँक ऑफ स्पेनमध्ये शिरल्यावर मात्र बंदुका, बॉम्ब आणि प्रेमप्रकरणंच उरतात. सोनं वितळवण्याचा भाग आहे तेवढा पाहावा.

आमच्या शेजारच्या काकूंचं मत माझ्या विरुद्ध आहे. त्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, माहेर-सासर दोन्ही पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजातलं, घरात तेलुगू. ही मालिका तेलुगूत डब झालेली आहे हे मी त्यांना दाखवलं आणि त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली. “नैरोबीसाठी बघते मी, चोरीचं काय,” असं त्या म्हणतात, आणि चोरांच्या टोळीतली ही नैरोबी छपाईखाना कसा चालवते ते आठवलं की मला वाद घालता येत नाही. डबिंगला नाक मुरडणाऱ्यांनी एकदा अशा घरात बसून पाहावं. ज्या माणसाला सबटायटलचा त्रास होतो, त्याच्यापर्यंत स्पॅनिश मालिका दुसऱ्या कुठल्या वाटेने पोचणार होती?

हिंदीत ‘स्पेशल 26’ (2013) अजूनही सगळ्यांत वर. 1987 च्या मार्चमध्ये मुंबईत ऑपेरा हाऊसला खोटे सीबीआय अधिकारी बनून सराफी पेढी लुटली होती, त्यावरून नीरज पांडेने हा केला. हत्यार काय, तर नीट शिवलेले सूट, कागदपत्रं आणि आवाजातला अधिकार. समोरचा माणूस सरकारी माणसाला प्रश्न विचारणार नाही, या भरवशावर सगळा डाव उभा आहे. शेवट ठाऊक असूनही मनोज वाजपेयी आणि अनुपम खेर यांच्यासाठी परत पाहवतो. ‘आँखें’ (2002) मधला आंधळ्या माणसांकडून बँकेच्या नकली खोलीत पावलं मोजून घ्यायचा सराव मला आजही आवडतो; उत्तरार्ध ढिला आहे. ‘फर्जी’ (2023) पाहाच. खोट्या नोटेचा कागद, धागा, शाई यांवर दिग्दर्शक राज आणि डीके यांनी वेळ घालवलाय, आणि अमोल पालेकरांचे आजोबा छापखान्यात उभे राहिले की त्या खोलीला वजन येतं.

‘ओशन्स इलेव्हन’ (2001) जेवताना लावायला छान आहे, त्यापलीकडे माझं काही म्हणणं नाही. ‘कॅलिडोस्कोप’ या मालिकेने निराश केलं. भाग कुठल्याही क्रमाने पाहा म्हणतात, आणि खरंच काही फरक पडत नाही. माणसं कुठून कुठे गेली याची ओढच लागत नाही.

‘लुपिन’ ही फ्रेंच मालिका मी गेल्या वर्षी पाहिली होती, तेव्हा ठीक वाटली. नायक पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात सफाई कामगार म्हणून शिरतो, कारण सफाई करणाऱ्याकडे कोणी वर मान करून बघत नाही. मग 19 ऑक्टोबर 2025 ला खरोखरच लुव्रच्या अपोलो दालनातून राजघराण्याचे दागिने गेले. भरदिवसा, सामान चढवायची शिडी लावलेली गाडी भिंतीला टेकवून, पिवळी कामगार जाकिटं घालून, सात-आठ मिनिटांत. त्यानंतर पहिला भाग पुन्हा लावला आणि तो कितीतरी जास्त खरा वाटला. मालिका लिहिणाऱ्यांनी जगाकडे नीट पाहिलं होतं.

खर्चाचं: वर्षभर सगळे ओटीटी चालू ठेवू नका. एक घ्या, त्यावरचं पाहून घ्या, बंद करा, दुसरं घ्या. जुने सिनेमे बहुतेक वेळा कुठल्याच सबस्क्रिप्शनमध्ये सापडत नाहीत, ते भाड्याने मिळतात का बघा. पाहायला सुरुवात केल्यावर ठरावीक तासांतच संपवावे लागतात, आणि आमच्याकडे नळाला पाणी रात्री आलं की सिनेमा थांबतो, म्हणून पाण्याचा दिवस बघूनच भाड्याने घ्यावा.

मराठीत मला असा सिनेमा हवाय. गोदाम, पेढी, छापखाना, माग, कुठलीही जागा घ्या. पण तिथल्या माणसांना हत्यार धरता येतं हे दिसू दे.

पुढच्या रविवारसाठी डॅसिनचाच ‘टॉपकापी’ (1964) ठरलाय. इस्तंबूलच्या राजवाड्यातला पाचूंचा खंजीर पळवायचा, आणि तिथल्या जमिनीला पाय लागला तरी गजर होतो, म्हणून चोर छतातून दोरीने लोंबकळत उतरतो. बाबांना एवढंच सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न आला, “दोरी वर कशाला बांधली?”