गुडघ्याच्या एसीएल ऑपरेशननंतर परत ग्राउंडवर उतरायचं असेल तर इथं जावा

कोल्हापुरातल्या ह्या फिजिओ सेंटरला ४ स्टार देतोय, एक कशाचा कापला ते खाली सांगतो. जरा मोठं लिहितोय पण पेठापेठांतली पोरं ह्याच चुका करतात म्हणून सगळं लिहितो.

मी आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडनं लेफ्ट बॅक खेळतो. गेल्या सीझनला शाहू स्टेडियमवर मॅचमध्ये विंगरला अडवायला वळलो, त्यानं धक्का पण दिला नव्हता, स्टड जमिनीत रुतलेला आणि वरचं अंग फिरलं, आतनं कट्ट करून आवाज आला. दोन तासात गुडघा नारळाएवढा. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं, मेनिस्कस म्हणजे आतली गादी तेवढी वाचली. महिन्याभरात ऑपरेशन झालं, मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची टेंडन (स्नायूची दोरी) काढून तिचं नवीन लिगामेंट बसवलं. ऑपरेशनबद्दल काही तक्रार नाही, एक नंबर झालं.

घोळ झाला त्यानंतर. पहिले अडीच महिने मी दुसऱ्या ठिकाणी फिजिओला जात होतो, नाव घेत नाही. तिथं रोज करंटचं मशीन लावायचे, शेक द्यायचे, वीस मिनिटं झोपवायचे आणि उद्या या म्हणायचे. व्यायाम म्हणजे कागदावर चार चित्रं. गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता, मी लंगडतच चालत होतो आणि मला वाटायचं असंच असतंय.

मग टीममधल्या एकानं राजारामपुरीतलं हे सेंटर सांगितलं. पहिल्याच दिवशी तिथल्या फिजिओ मॅडमनी पालथं झोपवलं, पाय बेडच्या बाहेर काढायला लावले आणि दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीनं मोजला. मग दोन्ही मांड्या टेपनं मोजल्या. ऑपरेशनच्या पायाची मांडी ३ सेंटीमीटरनं बारीक होती, बघून आईच्या डोळ्यात पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, "पळायचं नंतर, आधी हा पाय सरळ करू, सरळ झाल्याशिवाय मांडीचा स्नायू कामाला लागत नाही." पहिले तीन आठवडे जवळजवळ तेवढंच केलं. कंटाळा यायचा, पण लंगडणं गेलं.

पुढं लेग प्रेस, एका पायावर स्क्वॉट, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम, मग जॉगिंग. जॉगिंग पण मागून मिळत नाही, एका पायावर नीट उतरता आलं पाहिजे आणि सूज नको, तरच. सकाळी रंकाळ्यावर एक मिनिट पळायचं दोन मिनिटं चालायचं असं सुरू केलं. त्यांचा नियम असा की आज केलेल्या व्यायामाचा निकाल उद्या सकाळी. उठल्यावर गुडघा सुजलेला असला तर एक पायरी मागं, वाद नाही.

आता खरा मुद्दा. सहा महिने झाले, काहीच दुखत नव्हतं, सीझन तोंडावर आलेला आणि कॅप्टनचा रोज फोन, "लगा सहा महिने झाले की, ये आता." मी मॅडमना म्हटलं सोडा मला. त्या नाही म्हणाल्या नाहीत आणि हो पण म्हणाल्या नाहीत, टेस्ट घेतली. मशीनवर मांडीची ताकद मोजली, मग एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या अल्याडपल्याड उड्या, सहा मीटरचा टायमिंग. चांगल्या पायाच्या तुलनेत उड्यांत ८६ टक्के आलो, ताकदीत ७१. म्हणजे दुखणं गेलेलं, पाय तयार नव्हता. बॉक्सवरनं उडी मारून उतरतानाचा स्लो मोशन व्हिडिओ काढून दाखवला, गुडघा सरळ आत जात होता, तुटला तेव्हा गेलेला तसाच. माझ्या अंगावर काटा आला.

त्यांनी समजावलं की बसवलेली टेंडन सुरुवातीला उलट कमजोर होते, तिच्यात नव्यानं रक्तवाहिन्या येतात आणि मग ती हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते, ह्याला कितीतरी महिने लागतात आणि आतलं आपल्याला काही कळत नाही. २०१६ चा नॉर्वेतला अभ्यास पण सांगितला, त्यात ९ महिन्यांपर्यंत खेळात परतायचं जेवढे महिने लांबवलं, त्या दर महिन्याला परत दुखापत व्हायचा धोका जवळपास निम्म्यानं कमी झालेला दिसला. आणि तरण्या पोरांत परत तुटायचं प्रमाण जास्त असतंय, कधी कधी चांगला गुडघा पण जातो. हे मला ऑपरेशननंतर कुणीच सांगितलं नव्हतं.

तो सीझन मी गॅलरीतनं बघितला. पाटाकडील आणि शिवाजी ह्या दोन तालमींची मॅच भरलेल्या स्टेडियममध्ये बाहेर बसून बघायची म्हणजे काय असतंय ते कोल्हापूरच्या खेळाडूलाच कळेल. पण आज म्हणतो बरं झालं त्यांनी अडवलं.

साडेनऊ महिन्यांनी परत टेस्ट, ताकद ९२, सगळ्या उड्या ९५ च्या वर. शिवाय १२ प्रश्नांचा एक पेपर असतो, मनात भीती किती आहे त्याचा. त्यात मी कमी पडलो, टॅकलच्या प्रश्नाला हात थबकला. म्हणून मग आधी टीमसोबत नुसता पासिंगचा सराव, मग वळणं आणि ब्रेक मारणं, मग धक्काबुक्कीचा सराव, असे आणखी सहा आठवडे गेले.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. टक्केवारी चांगल्या पायाशी तुलना करून काढतात, पण तुम्ही घरात बसल्यावर चांगला पाय पण ढिला होतो, मग ९० टक्के दिसले तरी फसगत होऊ शकते. म्हणून ऑपरेशनच्या आधीच इथं जाऊन चांगल्या पायाचा आकडा नोंदवून घ्या. माझं ते राहून गेलं.

स्टार कापला जिन्यासाठी. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कुबड्या घेऊन येणाऱ्याचे हाल होतात. संध्याकाळी सहानंतर तुफान गर्दी आणि मशीन एकच, सकाळची वेळ घ्या. एका सेशनचे ४०० घेतात, माझी आठवड्याला तीन होती, नंतर त्यांनीच एकावर आणली आणि बाकीचं जिममध्ये कर म्हणाले.

परवा पहिली मॅच खेळलो, शेवटची २० मिनिटं. सकाळी उठल्या उठल्या टेपनं गुडघा मोजला, दोन्ही सारखे. फोटो काढून मॅडमना पाठवला.