नाशिकच्या गंगापूर रोडचा रविवारचा राज्यव्यवस्था क्रॅश कोर्स : शिकवणं एक नंबर, नोट्स मात्र बघून घ्या

क्लासचं नाव टाकत नाही, कारण सर खरंच चांगलेत आणि माझी तक्रार आहे ती नोट्सची आणि ऑफिसातल्या लोकांची. चार रविवार, सकाळी ८ ते १२, फी २५००, नोट्सचे ४०० वेगळे (हे आधी सांगत नाहीत, पहिल्या दिवशी काउंटरवर कळतं). मी सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट सांभाळून राज्यसेवा करतोय, त्यामुळे रविवारशिवाय पर्याय नव्हता.

पहिले दोन रविवार ठीकठाक, मूलभूत हक्क, राज्यपाल वगैरे, हे सगळं यूट्यूबवरही मिळतं. पैसे वसूल झाले ते तिसऱ्या रविवारी. विषय विधान परिषद, म्हणजे राज्याचं वरचं सभागृह. हा टॉपिक मी आजवर नुसता पाठ करायचो आणि पेपर झाला की विसरायचो. सरांनी आल्या आल्या विचारलं, ग्रॅज्युएट कितीजण? सगळे हात वर. मग, २०२३ च्या जानेवारीत परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचं मतदान कितीजणांनी केलं? दोन हात. मी पण नव्हतं केलं, कारण मला वाटायचं विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे झालं. तर तसं नसतं, पदवीधरची यादी वेगळी, दर निवडणुकीला नव्याने करतात, फॉर्म १८ भरावा लागतो, आणि पदवी मिळून तीन वर्षं झालेली पाहिजेत. शिक्षकांचा फॉर्म १९. इतकी वर्षं अभ्यास करतोय आणि हे मला माहीत नव्हतं, लाज वाटली राव.

मग बोर्डावर मोठा ७८ लिहिला, म्हणजे आपल्या परिषदेचे एकूण सदस्य, आणि म्हणाले परिषदेत जायला पाच दारं आहेत, उदाहरणं शक्यतो आपल्याकडचीच घेऊ. पदवीधर म्हणजे सत्यजित तांबे, २०२३ ला अपक्ष निवडून आले, मतदारसंघ नाशिक, नगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असा अख्खा विभाग. शिक्षक म्हणजे किशोर दराडे. स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे त्यांचेच भाऊ नरेंद्र दराडे, येवल्याचे दोघं सख्खे भाऊ २०१८ मध्ये एकाच वर्षी दोन वेगळ्या दारांनी आत गेले. आणि नरेंद्र दराडेंची मुदत २०२४ ला संपली तेव्हा मतदान करायला महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासक बसलेला. राज्यपालनियुक्त म्हणजे पंकज भुजबळ, ऑक्टोबर २०२४. पाचवं दार आमदारांच्या मतांचं, तिथे नाशिकचं सोडून उद्धव ठाकरे सांगितले, आधी मुख्यमंत्री झाले आणि सहा महिन्यांच्या आत कुठल्या तरी सभागृहात जायचं म्हणून मे २०२० मध्ये बिनविरोध परिषदेवर. असं सांगितल्यावर कोण विसरणार?

पण धमाल आली ती मतमोजणीत. शेवटच्या रविवारी क्लासतर्फे नाश्ता असतो, तो काय ठेवायचा यावर पसंतीक्रमाने मतदान घेतलं. मिसळ, पाववडा, साबुदाणा वडा. जांभळं स्केचपेन एकच, तेच फिरवत होते, कारण खऱ्या निवडणुकीतही आयोगाने दिलेलंच पेन वापरायचं. ३२ चिठ्ठ्या आल्या, एकाने १, २ लिहायच्या ऐवजी बरोबरची खूण केली, बाद. उरल्या ३१, म्हणजे कोटा (जिंकायला लागणारी मतं) १६, वैध मतांच्या निम्मे, अपूर्णांक सोडून, अधिक एक. पहिल्या पसंतीत मिसळ १३, पाववडा ११, साबुदाणा वडा ७. आम्ही मिसळवाले ओरडायलाच लागलो. मग साबुदाणा वडा बाद केला आणि त्या ७ चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती एकेक वाचली, पाच गेल्या पाववड्याला, एक मिसळीला, एकावर दुसरी पसंतीच नाही. पाववडा बरोब्बर १६. नाशिकमध्ये मिसळ हरली! शेजारचा तर म्हणाला रिकाउंटिंग करा.

आता नोट्स. स्पायरल बाइंडिंग, छपाई स्वच्छ, पण मजकूर कुठल्या तरी दिल्लीच्या पुस्तकावरून उतरवलेला वाटतो. परिषद असलेली राज्यं सात लिहिलीयत, जम्मू-काश्मीरसकट. तिथली परिषद तर २०१९ लाच गेली, आता सहा. तेही सोडलं असतं, पण टेस्टमध्ये प्रश्न होता महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधून किती सदस्य. मी २२ लिहिलं, उत्तरपत्रिकेत २६, मार्क कापला. ऑफिसात गेलो तर तिथला मुलगा कॅल्क्युलेटर काढून दाखवतो, ७८ भागिले ३. अरे बाबा, कलम १७१ मध्ये एक तृतीयांश आहे ते "शक्य तितकं जवळपास" असं आहे, खरे आकडे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या अनुसूचीत आहेत, तिथे महाराष्ट्राचं वाटप स्थानिक संस्था २२, पदवीधर ७, शिक्षक ७, आमदारांकडून ३०, नियुक्त १२. बेरीज करून बघ म्हटलं, ७८ च येते. मतदारसंघ मोजूनही दाखवले, मुंबईचे दोन आणि बाकी राज्याचे वीस. त्याचं एकच, "सर, छापलेलं बदलत नाही." सरांना सांगितलं तर त्यांनी लगेच मान्य केलं, बोर्डावर लिहूनही दिलं, पण म्हणाले नोट्स माझ्या हातात नाहीत. मार्क काही मिळाला नाही.

अजून एक, परिषदेच्या अधिकारांवर (धनविधेयक फक्त १४ दिवस अडवू शकते, राज्यात दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक नसते वगैरे) शेवटी वीस मिनिटंच मिळाली, कारण सर वि. स. पागेंवर सुटले की थांबत नाहीत. १९६० ते ७८ परिषदेचे सभापती, रोजगार हमीचे जनक, ऐकायला भारी वाटतं, पण परीक्षेच्या दृष्टीने जरा जास्त झालं.

शिकवण्याला साडेचार, नोट्सना दीड, पार्किंगला शून्य, गाडी लांब लावून चालत यावं लागतं. बॅच लावाच, ते ४०० मात्र वाचवा. घेतल्याच असतील तर पान ४१ उघडा आणि २६ चे २२ करून टाका.