34 तारांची लिव्हर हार्प, आयरिश रील वाजवण्यासाठी: काही महिन्यांच्या वापरानंतर

डब्लिनमध्ये राहून मी आयरिश हार्प शिकते. जुना आयरिश हार्पवादक आणि रचनाकार कॅरोलन (1670–1738) याच्या संथ रचना आधीच्या छोट्या हार्पवरही गोड वाजायच्या. 34 तारांची मोठी घेतली ती रील आणि जिग या जलद नाचाच्या चाली पूर्ण वेगात वाजवता याव्यात म्हणून, त्यामुळे हा अनुभवही तेवढ्यापुरताच.

दुकानात हार्प दाखवताना सगळे एक तार छेडतात आणि नाद किती वेळ टिकतो ते ऐकवतात. रीलसाठी तीच अडचण ठरते. रीलच्या एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका मापात, आठ सूर येतात. मागचे घुमत राहिले की पुढचे त्यात बुडतात आणि चाल गढूळ होते. त्यामुळे या पातळीवर माझा निम्मा रियाज तारा बंद करण्याचा आहे. डाव्या हाताने खालचा सूर द्यायचा आणि पुढचा देण्याआधी तळव्याने तो मिटवायचा. या हार्पच्या मधल्या तारा तातीच्या, म्हणजे प्राण्यांच्या आतड्याच्या आहेत. माझ्या जुन्या नायलॉनच्या तारांपेक्षा त्यांचा नाद लवकर शमतो, आणि मला तेच हवं होतं. हवेतला दमटपणा बदलला की मात्र त्या उतरतात किंवा चढतात. डब्लिनचा पाऊस आणि घरातलं हीटिंग यांच्यामध्ये रोज सूर लावावा लागतो. घरात आतड्याच्या तारा चालणार नसतील तर नायलॉनवरही वाजवता येतं, फक्त तारा मिटवण्याची मेहनत वाढते.

तारा बंद करण्याची ही कला जुनी आहे. 1792 साली बेलफास्टच्या मेळाव्यात एडवर्ड बंटिंगने वयोवृद्ध हार्पवादकांकडून चाली उतरवून घेतल्या. त्यांच्या तारा धातूच्या, म्हणजे नाद आणखी लांब. बंटिंगने 1840 मध्ये छापलेल्या संग्रहात तार कोणत्या बोटाने थांबवायची, हेही नोंदवलंय. नाचाच्या चाली मात्र मुख्यतः फिडल (व्हायोलिन) आणि पाइप्स (आयरिश बॅगपाइप) यांच्या. त्यातले अलंकार हार्पवर कसे आणायचे, याची वाट 1970च्या दशकात कॉर्कच्या मॉयरा नी हाहासिग यांनी घडवली. आज आम्ही शिकतो त्या ट्रिपलेटचंच, म्हणजे झटकन वाजणाऱ्या तीन सुरांचंच बघा: एकाच तारेवर तिसरं बोट, दुसरं बोट, अंगठा, पापणी लवायच्या आत. तार सैल असेल तर ती अजून थरथरत असतानाच पुढचं बोट तिला लागतं आणि कर्र आवाज येतो. माझ्या या हार्पचा ताण जास्त आहे, त्यामुळे ट्रिपलेट स्वच्छ निघतात. बोटांना घट्टे पडले, पण ते मी आनंदाने सोसले.

आता लिव्हर, म्हणजे वर केली की तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढवणारी छोटी कळ. हार्प ई फ्लॅट मेजर या पट्टीत लावलेली असते आणि सेशनमध्ये, म्हणजे वादक एकत्र बसून वाजवतात तिथे, बहुतेक चाली डी किंवा जी पट्टीत असतात. डीसाठी ई, एफ, ए, बी आणि सी, म्हणजे सातपैकी पाच स्वरांचे लिव्हर वर करावे लागतात. थोडक्यात, आयरिश संगीत वाजवणारा जवळजवळ सगळा वेळ लिव्हर लागलेल्या तारांवरच वाजवतो. म्हणून लिव्हरचा दर्जा मला लाकडाइतकाच महत्त्वाचा वाटतो. माझ्या हार्पचे दोन सी लिव्हर वर केले की सूर किंचित चढा लागायचा आणि तार मुकी वाटायची. कारागिराकडून ते बसवून घेतले, तेव्हा कुठे फिडलच्या शेजारी बसायचा धीर आला. काही जण हार्प सी मेजरमध्येच लावतात, मग डीसाठी एफ आणि सी हे दोनच पुरतात. पण तसं केलं की फ्लॅट लागणाऱ्या कितीतरी संथ रचना हातच्या जातात. मला ते पटत नाही.

सगळ्यात खालची सी, पियानोच्या मधल्या सीपेक्षा दोन सप्तकं खालची, रीलमध्ये मी क्वचितच वापरते. संथ रचनेत ती वैभव आहे, वेगात निव्वळ गोंगाट. नेण्या-आणण्याच्या दृष्टीने ही हार्प जड आहे, बसने पबमध्ये न्यायचा विचार करू नका.

नवी घ्यायची तर तीन-चार हजार युरो सहज लागतात. पैसे देण्याआधी डीचे पाचही लिव्हर वर करा, ट्यूनर लावून मधल्या दोन सप्तकांतली एकेक तार तपासा, आणि प्रत्येकीवर वेगात ट्रिपलेट वाजवून बघा. कुठे कर्र झालं तर तिथेच दुरुस्त करून मागा.