एज ऑफ एम्पायर्स की सिव्हिलायझेशन : मालिका म्हणून सरस कोणती?

भुसावळचा माझा मामेभाऊ ‘सिव्हिलायझेशन’ खेळतो आणि मी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळतो. या दोन संगणकीय खेळांच्या मालिकांपैकी श्रेष्ठ कोणती, हा आमचा वाद दहावीच्या सुट्टीत सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही. नव्याने खेळू इच्छिणाऱ्याने पैसे कशावर घालावेत, असे मला अनेकदा विचारले जाते, म्हणून माझी बाजू एकदा नीट मांडतो आहे. त्याची बाजूही मांडणार आहे, कारण काही मुद्द्यांवर ती माझ्या बाजूपेक्षा बळकट आहे.

या दोन मालिका एकमेकींना परक्या नाहीत. ब्रूस शेली यांनी सिड मायर यांच्यासोबत १९९१ सालच्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’ची रचना केली आणि पुढे तेच शेली एन्सेंबल स्टुडिओज या खेळ बनवणाऱ्या संस्थेत ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या रचनाकारांपैकी एक झाले. मायक्रोसॉफ्टने तो खेळ १९९७ साली बाजारात आणला. मानवी इतिहास खेळणाऱ्याच्या हाती द्यायचा, ही कल्पना दोन्हींकडे एकच आहे, पण ती हाताळण्याची रीत निराळी आहे. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये इ. स. पूर्व ४००० पासून आधुनिक काळापर्यंतचा पल्ला खेळी-खेळीने गाठायचा असतो, आणि आपण चाल करेपर्यंत जग थांबून राहते. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये जग थांबत नाही. आपण विचार करत बसलो, तर तेवढ्या वेळात शत्रूचे घोडेस्वार आपल्या लाकूडतोड्यांपर्यंत पोहोचलेले असतात.

आमच्या गावी, रावेरकडे, भारनियमनाच्या त्या वर्षांत हा फरक केवळ तात्त्विक नव्हता. वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसे, आणि मामेभाऊ सुट्टीत आला की ‘सिव्हिलायझेशन’चा चौथा भाग आम्ही एकाच संगणकावर आळीपाळीने खेळत असू. वीज गेली तरी ठरावीक खेळ्यांनंतर आपोआप जतन झालेला डाव परत मिळत असे. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग मात्र खऱ्या अर्थाने जळगावच्या सायबर कॅफेतच खेळता येई, जिथे चार-सहा संगणक एकमेकांना जोडलेले असत आणि पलीकडच्या खुर्चीवरून “थांब भो, माझा किल्ला होऊ दे” अशी विनवणी ऐकू येई. त्या काळच्या खानदेशातल्या घरासाठी ‘सिव्हिलायझेशन’ अधिक सोयीचे होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरीही मला ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग जवळचा वाटतो, याचे कारण त्यातल्या शेतीत आहे. या खेळात सुरुवातीला मेंढ्या, झुडपांवरची फळे आणि शिकार यांवर भागते, पण ते संपले की गावकऱ्यांना शेतावर लावावे लागते. प्रत्येक शेतासाठी ६० लाकूड मोजावे लागते, आणि ठरावीक धान्य काढून झाले की शेत संपते. मग पुन्हा लाकूड घालून ते नव्याने पेरावे लागते. घोड्याचे जू, जड नांगर आणि पिकांची फेरपालट असे तीन शोध क्रमाने लावले, तर शेत अधिक काळ टिकते. एकदा आप्पा माझ्या मागे उभे राहून हे पाहत होते. “वावर संपतं कसं?” असे त्यांनी विचारले, आणि मी समजावून सांगितल्यावर म्हणाले, “बरोबर आहे. घातल्याशिवाय निघत नाही.” केळीच्या प्रत्येक लागवडीला कंद, खत, ठिबक आणि मजुरी यांचा हिशेब घालणाऱ्या माणसाला त्या खेळाचा गाभा एका वाक्यात कळला होता. सैन्य, किल्ला, व्यापार हे सारे शेवटी शेतात वाकलेल्या गावकऱ्यावर उभे असते, आणि तो गावकरी आपल्याला पूर्णवेळ पडद्यावर दिसत राहतो. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये शेती असते, पण राबणारा माणूस आकड्यामागे जातो.

जमिनीची समज मात्र ‘सिव्हिलायझेशन’लाच अधिक आहे. सहाव्या भागाच्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या २०१९ सालच्या विस्तारात, म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडलेल्या भरीत, नद्यांना पूर येतात, बांधलेले वाहून जाते, पण मागे राहिलेल्या गाळाने तीच जमीन अधिक पिकते. ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरही असेच घडते. आपली काळी कसदार माती ज्वालामुखीच्याच खडकाच्या झिजेतून तयार झालेली असल्याने, तापीकाठच्या माणसाला हा भाग खेळताना विशेष आनंद होतो. नदीकाठी वसायचे की पुराच्या भीतीने दूर राहायचे, असा प्रश्न मला दुसऱ्या कोणत्याही खेळाने इतक्या गांभीर्याने विचारलेला नाही.

वेढ्याच्या बाबतीतही माझ्या आवडत्या मालिकेने हार मानावी, असे माझे मत आहे. खानदेशच्या फारुकी राजवटीचा अशीरगड अकबराच्या हाती आला तो अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर, १६०१ च्या जानेवारीत, आणि तो तट फोडून घेतलेला नव्हता. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये ६५० दगड खर्चून उभारलेल्या किल्ल्यातल्या शिबंदीला भूकच लागत नाही. तो किल्ला दगडफेकी यंत्रांनी किंवा तत्सम साधनांनी पाडावाच लागतो. ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या भागात शहराला सर्व बाजूंनी कोंडले, तर त्याची झीज भरून निघणे बंद होते. हे अगदी साधे रूप असले, तरी वेढा म्हणजे काय ते त्यातून समजते.

एवढे मान्य करूनही मालिका म्हणून मी ‘एज ऑफ एम्पायर्स’ला वरचे स्थान देतो, कारण मालिकेची परीक्षा ती आपल्या जुन्या खेळणाऱ्याला कसे वागवते यावर व्हावी, असे मला वाटते. नव्या भागात एक तृतीयांश जुने, एक तृतीयांश सुधारलेले आणि एक तृतीयांश नवे असावे, असा ‘सिव्हिलायझेशन’च्या रचनाकारांचा प्रसिद्ध दंडक आहे. १९९६, २००१, २००५, २०१०, २०१६ आणि २०२५ असे तिचे पुढचे भाग येत गेले, आणि प्रत्येक वेळी खेळणाऱ्याला आपले कौशल्य बऱ्याच अंशी नव्याने कमवावे लागले. शिवाय पहिल्या दिवशी मिळणारा भाग अपुरा असतो आणि मोठे विस्तार आल्यावरच तो भरतो, हा अनुभव इतक्यांदा आला आहे की मामेभाऊसुद्धा आता लगेच खरेदी करत नाही. सातव्या भागात युग बदलताना खेळणाऱ्याची संस्कृतीच, म्हणजे तो ज्या लोकांच्या नावाने खेळतो ते लोकच, बदलण्याची योजना केली, आणि प्रसिद्धीच्या वेळी अनेक जुन्या खेळणाऱ्यांना ती रुचली नाही. मलाही ती रुचली नाही, कारण जे राज्य शून्यापासून वाढवले ते अर्ध्या वाटेत दुसऱ्या नावाने चालवताना माझी आपुलकी तुटते.

उलट ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ साली आला, त्याची निर्मिती करणारी संस्था २००९ साली बंद पडली, आणि तरीही तो खेळ टाकून दिला गेला नाही. २०१३ साली त्याची नवी आवृत्ती आली, २०१९ साली ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली, आणि एप्रिल २०२२ मधल्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्ताराने आधीच्या ‘इंडियन्स’ या एकाच सरसकट संस्कृतीची फोड करून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार संस्कृती केल्या. द्रविड गावकरी तमिळ बोलतो, गुर्जर गुजराती बोलतो. गुर्जरांना गुरेमेंढरे कापून खाण्याऐवजी गिरणीत ठेवून त्यांच्यापासून सतत अन्न मिळवता येते, आणि दूधदुभत्यावर घर चालवणाऱ्या आमच्याकडच्या लोकांना या कल्पनेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ‘सिव्हिलायझेशन’नेही सातव्या भागात मौर्य, चोळ आणि मुघल वेगळे केले. ते स्वागतार्हच आहे, पण त्यासाठी नवा खेळ विकत घ्यावा लागला. इथे तेवीस वर्षे जुन्या खेळालाच ती समज नंतर देण्यात आली, आणि माझी सायबर कॅफेतली सवय वाया गेली नाही.

या मालिकेतही फसलेले प्रयत्न आहेत. २०११ साली आलेली ‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’ ही आवृत्ती २०१४ साली बंद झाली. तिसऱ्या भागातली मायदेशातून मदत मागवणारी पत्त्यांची पद्धत मला कधीच सहज वाटली नाही. चौथ्या भागातली दिल्ली सल्तनत मात्र अवश्य खेळून पाहावी, कारण तिचे शोध फुकट पण संथ असतात आणि मशिदीत विद्वान बसवले की त्यांना वेग येतो.

घ्यायचेच असेल तर दुसऱ्या भागाची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आधी घ्यावी आणि ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ तिच्यासोबत घ्यावे. मूळ खेळ जुना असल्याने साध्या संगणकावरही तो बऱ्यापैकी चालतो. सुरुवातीचे काही आठवडे अनोळखी लोकांशी न खेळता राजेंद्र चोळाच्या मोहिमेवर हात बसवावा, कारण ऑनलाइन खेळणाऱ्यांचा वेग नवख्याला नाउमेद करतो. ज्यांना रात्री जेवणानंतर तासभर शांतपणे, घाई न करता खेळायचे आहे त्यांनी ‘सिव्हिलायझेशन’चा सहावा भाग दोन्ही मोठ्या विस्तारांसह घ्यावा, मात्र तो तास तासाभरात संपत नाही. मामेभाऊ मे महिन्यात रावेरला येणार आहे, आणि या वेळी संगणकावर त्याच्या बाजूचा खेळ लावून ठेवलेला असेल, कारण त्याला तापीसारखी पूर येणारी नदी नकाशात शोधून तिच्या काठी पहिले शहर वसवायचे आहे.