कोकणात शरदाचे रंग: मृगात लावलेली झाडं, माघापर्यंतचा अनुभव

मेपलच्या लालभडक पानांचे फोटो बघून कोकणात बाग करायला निघाला असाल तर जरा थांबा. मेपलची पानं रंगायला दिवस लहान व्हावा लागतो आणि रात्री चांगल्याच गार व्हाव्या लागतात. आपल्याकडे पाऊस सरला की ऑक्टोबरचा उकाडा सुरू, रात्रीसुद्धा घामाच्या धारा. म्हणून गुहागरकडच्या आमच्या घराभोवती झाडं निवडताना मी पानगळीचा नाद सोडला. बारमाही रंगीत पानांची आणि पावसानंतर फुलणारी झाडं घेतली.

सर्वांत जास्त समाधान दिलं ते क्रोटनने, पण तेही जागा बघून. पश्चिमेच्या गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, लावलेल्यांनी पावसाळाभर खारा वारा खाल्ला. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. हात लावला की तुकडा हातात. पुढच्या खळ्यात (अंगणात), घराच्या आडोशाला लावलेल्या त्याच जातीला मात्र पिवळ्या शिरा आणि मधे तांबडा-जांभळा रंग असा काही चढला की येणारा-जाणारा फांदी मागतो. पोफळीखालचं रोप हिरवं ते हिरवंच. उन्हाशिवाय क्रोटनला रंग नाही.

पॉइन्सेटियाची गंमत वेगळी. त्याचं लाल 'फूल' म्हणजे फुलाखालची पानंच, आणि ती रंगायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. आमचं झाड पडवीच्या कडेला. खळ्याकडची बाजू डिसेंबरात लालबुंद झाली, बल्बाकडची हिरवीगार राहिली! बल्ब लवकर मालवावा म्हटलं, तर घरातल्या मोठ्यांना पडवी काळोखात ठेवणं पटत नाही. त्यामुळे आता झाडच हलवायचं आहे. रस्त्याच्या दिव्याखाली तर लावूच नका. छाटणी ऑगस्टअखेर उरकून टाका, आणि छाटताना निघणारा चीक अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते.

झाडांत माझी पहिली पसंती देवकांचनाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अंगावर पानं असतानाच गुलाबी-जांभळी फुलं येतात. मी डोक्याएवढं उंच रोप घेतलं होतं, म्हणून पहिल्याच वर्षी थोडी तरी फुलं दिसली. नर्सरीत नीट चौकशी करा. आमच्या शेजाऱ्यांना देवकांचन म्हणून रक्तकांचन दिला गेला. तो फुलतो थंडीच्या शेवटाला, पानं झडल्यावर. म्हणजे शरदात त्याचा काही उपयोग नाही. फूल बघायला मिळालं तर ओळख सोपी: देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुट्या, रक्तकांचनाच्या रुंद, एकीवर एक चढलेल्या. नुसत्या पानांवरून भलेभले फसतात.

खरी पानगळ बघायचीच असेल तर देशी बदाम. खाऱ्या वाऱ्याला तो दाद देत नाही, आणि पानं तांबडी होऊनच गळतात. मात्र रंग येतो थंडीत. आमच्या वाडीतला जुना बदाम आत्ता कुठे रंगलाय. जागा भरपूर हवी, आणि कौलांपासून लांबच लावा. ती ताटलीएवढी पानं पन्हळीत अडकली की काढणाऱ्याचे हाल विचारू नका. मी नवा लावला नाही. खाली पडणारा पातेरा मात्र गोळा करून आणतो आणि रोपांच्या बुंध्याशी पसरतो. जांभ्याची जमीन पाऊस गेल्यावर बघता बघता सुकते. पातेरा असला की शिंपणं निम्म्यावर येतं.

कोरांटीबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण पैसा न लागता सर्वांत जास्त फुलं हिनेच दिली. शेजारून फांद्या आणून मृगात खोचल्या होत्या. पिवळी काटेरी, म्हणून गडग्यावर. भातकापणीनंतर मोकळी सुटलेली गुरं तिच्या वाटेला गेली नाहीत. जांभळी बिनकाट्याची, ती आत. गुलाबी मुसांडा दिसायला देखणा, पण ऐन पावसात त्याची मऊ दलं भिजून काळी पडतात. खरा बघावा तो पाऊस ओसरल्यावर. पुढच्या मृगात मुसांडा एकच आणणार, आणि उरलेल्या जागेत आणखी देवकांचन.