कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं पीसी रिपेअरिंगचं दुकान : काम एक नंबर, वेळेचं मात्र देवच जाणे

घरचा डेस्कटॉप सारखा हँग व्हायचा, माउस जागेवर गोठायचा, मग बटण दाबून धरून बंद करण्याशिवाय इलाज नाही. आधीच्या एका दुकानदारानं बघताक्षणी सांगितलं मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. म्हटलं राहू दे बाबा.

इथल्या दादांनी मात्र आधी विचारलं की कधी हँग होतो, चालू केल्या केल्या की तापल्यावर? मग माझ्यासमोर कॅबिनेट उघडलं, फॅनवरची धूळ ब्लोअरनं उडवली, रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरनं घासली, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी, पण वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलली. तरी अडकतच होता. मग टास्क मॅनेजर उघडून दाखवला, काहीच चालू नसताना डिस्क १००% आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा कॉशन (धोक्याचा इशारा), रिअलोकेटेड सेक्टर म्हणजे डिस्कवरचे खराब होऊन बदललेले भाग वाढलेले. म्हणजे हार्ड डिस्कच मरायला टेकलेली, मदरबोर्ड ठणठणीत.

म्हणाले, "आधी डिस्कवरचे तुमचे फोटो दुसरीकडं कॉपी करून घेऊया, मग बाकीचं." हे लई आवडलं, नाहीतर लोक सरळ फॉरमॅट मारतात. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवली, आता विंडोज पटकन चालू होतंय, हँग अजून तरी नाही. जुनी डिस्क न मागता परत दिली, बिल पण पक्कं.

तक्रार एकच, "उद्या या" म्हणजे उद्याच असं समजू नका, आणि संध्याकाळी तिकडं पार्किंग मिळत नाही, सकाळीच जावा.